ऑडिओमॉथ: रानातला कान, पण घड्याळ सांभाळा

सह्याद्रीच्या सदाहरित रानात पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. तिथल्या नोंदींसाठी तीन एए सेल आणि मायक्रोएसडी कार्डावर चालणारा ऑडिओमॉथ हा तळहाताएवढा ध्वनिमुद्रक फार कामाचा. पक्ष्यांना ४८ किलोहर्ट्झचा नमुनादर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) पुरे. ३८४पर्यंतची सोय वटवाघळांसाठी. ४८ला तासाला साधारण ३४५ एमबी भरतात, म्हणजे ३२ जीबीचं कार्ड सलग चार दिवसही टिकत नाही. दर दहा मिनिटांतलं एकच मिनिट घ्या, सेलही वाचतील.

खरी खोट घड्याळात. सेल काढले की वेळ पुसली जाते, नवे घातल्यावर ती पुन्हा लावावीच लागते. शिवाय मूळ सेटिंगमध्ये फाइलच्या नावावर जागतिक वेळ (यूटीसी, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) पडते: पहाटे साडेपाचचा कस्तूर ००००००ला, म्हणजे मध्यरात्री, गायलेला दिसतो!

पावसाळ्यात साध्या प्लास्टिक पिशवीवर थेंब तडतडतात आणि आवाज वाया जातो. जलरोधक डबीच घ्या, आत सिलिका जेलची पुडी टाका.

पुढे आवाजावरून पक्षी ओळखणारं बर्डनेट हे सॉफ्टवेअर तीन-तीन सेकंदांचे तुकडे तपासून नावं सुचवतं, पण भृंगराज पक्षी इतरांच्या हुबेहूब नकला करतो. संशयास्पद तुकडे स्वतः ऐका. आणि पक्षी किती होते, हे यातून कळत नाही. शीळ दहादा आली तरी कस्तूर एकच असू शकतो.