झुकिनीचं घरगुती जेवण: पॅन, ओव्हन, एकच भांडं की टिक्की?

झुकिनीत जवळपास ९५ टक्के पाणी असतं. दोन मध्यम झुकिनी, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम, चिरून पॅनमध्ये टाकल्या की त्यांच्याबरोबर साडेतीनशे मिलिलीटरहून जास्त पाणीही पॅनमध्ये जातं. भाजी गिळगिळीत झाली, चव पाणचट लागली, मुलांनी फोडी वेचून ताटाच्या कडेला लावल्या, या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात. म्हणून पद्धत निवडताना मी आधी एकच गोष्ट बघते: ती या पाण्याचं काय करते? कुठे ते आचेवर उडून जातं, कुठे आपण पिळून काढतो, कुठे तेच पाणी शिजवायला वापरून घेतो. वेळ, चव आणि भांडी किती पडतात, हे बरंचसं त्यावर ठरतं.

तुलना बरोबरीची व्हावी म्हणून चौघांचं जेवण आणि एकच टोपली धरू: दोन झुकिनी, एक ढोबळी मिरची, एक मोठा कांदा, दोन टोमॅटो, एक गाजर आणि थोडे मशरूम.

पॅन की ओव्हन

खरी चुरस या दोघांतच आहे. दोन्हीकडे पाणी उडवायचं आणि भाज्यांना खरपूस रंग आणायचा.

पॅनची बाजू आधी. चिरणं झालं की १५ मिनिटांत ताट वाढता येतं. कांदा आणि गाजर आधी टाकायचं, चार-पाच मिनिटांनी ढोबळी मिरची आणि मशरूम, आणि झुकिनी अगदी शेवटी, तीन-चार मिनिटांपुरती. चकत्या निदान एक सेंटिमीटर जाड हव्यात. टोमॅटो आणि मीठ आच बंद करायच्या बेताला घालावं, कारण मीठ लागताच फोडी पाणी सोडू लागतात. फोडींवर पाणी आहे तोवर त्यांचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि तपकिरी खरपूसपणा यायला सुमारे १४० अंश लागतात. ओली भाजी कितीही वेळ परतली तरी शिजत राहते, भाजली जात नाही.

हे कानानेही कळतं. पॅन चरचरतंय तोवर काम बरोबर चाललंय. आवाज खाली बसून खदखद ऐकू आली, की पॅनमध्ये भाज्या जास्त झाल्या आणि पाणी साचलं. अशा वेळी ढवळत बसण्यात अर्थ नाही. अर्ध्या भाज्या काढून घ्याव्या आणि आच वाढवावी.

पॅनची अडचणही हीच. दोघांच्या भाज्या एका थरात मावतात, चौघांच्या मावत नाहीत. म्हणजे दोन घाणे काढायचे आणि तेवढा वेळ कुणीतरी शेगडीपाशी उभं राहायचं. झटपट म्हणून पॅनचं जे कौतुक होतं ते दोन माणसांच्या घरासाठी खरं आहे. चौघांसाठी ते मला अर्धंच पटतं.

ओव्हनचं गणित उलटं आहे. घड्याळ लावून मोजलं तर तो हरतो: तापायला १० ते १५ मिनिटं, मग २२० अंश सेल्सिअसला २० ते २५ मिनिटं. पण आपले हात त्यात गुंततात ते जेमतेम १० मिनिटं. भाज्या चिरल्या, दोन मोठे चमचे तेल चोळलं, ट्रे आत सरकवला आणि मध्ये एकदा उलथल्या, की संपलं. उरलेल्या वेळात मुलाचा अभ्यास घेता येतो, भात लावता येतो किंवा नुसतं बसता येतं. दमून घरी आलेल्या माणसाला हा फरक मोठा वाटतो. चवीतही ओव्हन एक पाऊल पुढे आहे. कडा खरपूस होतात, कांदा आणि ढोबळी मिरचीचा गोडवा वर येतो, मशरूम आटून दाट चवीचे होतात. पॅनमधल्या झुकिनीत मात्र चावायला थोडा कस राहतो आणि रंग हिरवागार टिकतो. तो कस ज्याला आवडतो त्याला ओव्हनची झुकिनी फार मऊ वाटेल.

ओव्हन बिघडतो तो दाटीमुळे. फोडी एकमेकींना चिकटून बसल्या की त्यांचीच वाफ त्यांना शिजवते, म्हणून चौघांसाठी दोन ट्रे घ्यावे. झुकिनीच्या फोडी दोन सेंटिमीटर जाड ठेवाव्या, गाजर मात्र बारीक चिरावं किंवा १० मिनिटं आधी आत घालावं, नाहीतर झुकिनीचा लगदा होईपर्यंत गाजर कच्चटच राहतं. टोमॅटो अर्धे कापून, कापलेली बाजू वर करून एका कडेला ठेवावे म्हणजे त्यांचा रस बाकीच्या फोडींखाली पसरत नाही. एअर फ्रायरलाही हेच सगळं लागू पडतं. फक्त त्याची टोपली लहान, त्यामुळे चौघांसाठी पुन्हा दोन फेऱ्या.

पोट कशाने भरणार

पद्धत ठरवण्याआधी हेही बघावं. १०० ग्रॅम झुकिनीत साधारण १७ कॅलरी असतात, म्हणजे आपल्या दोन्ही झुकिनी मिळून सत्तरच्या आतच. नुसत्या भाज्यांवर चौघांचं जेवण होत नाही, तासाभरात सगळे परत काहीतरी शोधू लागतात. सोबत अंडी, कडधान्य, चीज किंवा चिकन हवं आणि भात, पास्ता किंवा पाव हवा. इथे ओव्हन पुन्हा सोयीचा पडतो: शिजवलेले काबुली चणे निथळून, पुसून त्याच ट्रेमध्ये पसरले की तेही कुरकुरीत होतात. पॅनमध्ये अंडी सर्वांत सोपी. परतलेल्या भाज्यांवर फेटलेली अंडी ओतली, मंद आचेवर झाकण ठेवलं, की सहा-सात मिनिटांत जाड ऑम्लेट तयार.

एकाच भांड्यात सगळं

इथे पाण्याशी भांडायचंच नाही, ते कामाला लावायचं. झुकिनी किसून कांद्याबरोबर तेलात १० मिनिटं परतली की ती विरघळल्यासारखी होते. त्यात टोमॅटो, पास्ता आणि पास्ता बुडेल इतकं गरम पाणी घातलं की पास्ता शिजता शिजता त्याच्या पिठाने रस दाट होतो. मुलं झुकिनीच्या फोडी वेचून काढत असतील तर मी सर्वांत आधी हीच पद्धत सुचवेन, कारण वेचायला फोडच उरत नाही. भात करायचा असेल तर झुकिनी किसू नये, फोडी करून शेवटच्या पाच-सात मिनिटांत घालाव्या आणि नेहमीपेक्षा थोडं कमी पाणी धरावं.

ओव्हनशी तुलना केली तर वेळ जवळपास सारखाच, अर्धा तास. घासायला भांडं एकच पडतं. पण खरपूसपणाची आशा सोडून द्यावी, सगळं मऊच होणार. लहान मुलं आणि दात नसलेले आजी-आजोबा एकाच टेबलावर जेवत असतील तर तेच बरं.

टिक्की

मुलांना विचाराल तर टिक्कीच जिंकेल, शिजवणाऱ्याला विचाराल तर क्वचित. झुकिनी किसायची, अर्धा लहान चमचा मीठ चोळून १० ते १५ मिनिटं ठेवायची आणि स्वच्छ कापडात घालून घट्ट पिळायची. कापडातून धार लागते आणि ढीगभर कीस बघता बघता मुठीएवढा होतो. मग गाजराचा कीस, बारीक चिरलेला कांदा, एक अंडं आणि चार-पाच मोठे चमचे पीठ. अंडं नको असेल तर चण्याच्या डाळीचं पीठ छान धरून ठेवतं. मिश्रण झालं की लगेच तळायला घ्यावं, कारण ते ठेवलं तर पुन्हा पाणी सोडतं आणि आपण पीठ वाढवत बसतो. दोन्ही बाजू तीन-तीन मिनिटं, असे तीन तरी घाणे.

एकूण ४० मिनिटं लागतात, तीही सगळी उभ्याने, आणि तेल इतर पद्धतींपेक्षा जास्त. कामाच्या दिवशी संध्याकाळी मी याच्या वाटेला जाऊ नका असं म्हणेन. सुट्टीच्या दिवशी पिळायचं काम मुलांकडे द्यावं. स्वतः पिळलेली झुकिनी ती चाखून तरी बघतात.

सूप

कांदा, झुकिनी, दाटपणासाठी एक बटाटा, २० मिनिटं शिजवून वाटायचं. सालासकट वाटलं तर रंग सुंदर येतो. एकट्या सूपवर जेवण भागत नाही, पण फ्रीझरमध्ये ते उत्तम टिकतं आणि बाकी पद्धतींतल्या झुकिनीला ते जमत नाही: भाजलेल्या फोडी गोठवून परत गरम केल्या की पार मऊ पडतात.

मग कोणती धरायची?

घरात ओव्हन आहे आणि जेवणारे चार किंवा जास्त असतील तर रोजच्यासाठी ट्रेच धरा. दोघंच असाल, किंवा ओव्हन नसेल, तर पॅन. वेचून खाणारी मुलं असतील तर पास्ता. पोषणाच्या हिशेबाने यांच्यात फार घासाघीस करू नये. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं आणि शिजवायच्या पाण्यात उतरतं हे खरं, पण सूपमध्ये ते पाणी आपण पितोच. गाजरातलं कॅरोटीन आणि टोमॅटोतलं लायकोपिन तर शिजवल्याने आणि थोड्या तेलाने अंगी जास्त लागतं. ताटातली भाजी संपते की उरते, यानेच पोषणात जास्त फरक पडतो.

ट्रे लावणारच असाल तर भाज्या दुपटीने भाजा. उरलेल्या भाज्या दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेल्या तर तीन-चार दिवस चांगल्या राहतात. दुसऱ्या दिवशी त्यांचं ऑम्लेट होतं, सँडविच होतं, वाटून पास्त्याचा सॉसही होतो.

झुकिनी निवडतानाही पद्धत डोक्यात ठेवावी. १५ ते २० सेंटिमीटर लांबीची, टणक, चकचकीत सालीची झुकिनी पॅन आणि ट्रेसाठी. फार मोठी झालेली असेल तर तिचा मधला बियांचा स्पंजासारखा भाग काढून टाकावा आणि बाकीची सूपला किंवा टिक्कीला वापरावी. आणि कुठल्याही पद्धतीआधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघावा, विशेषतः घरच्या वेलीची असेल तर. कडू लागली तर ती अख्खी टाकून द्यावी. तो कडूपणा कुकरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो, शिजवून जात नाही आणि त्याने उलट्या-जुलाब होऊ शकतात.