घोडबंदरची धूळ की तळोज्याचं पाणी?

राहायला ठाणे, नोकरी तळोजा एमआयडीसीत. त्यामुळे जास्त घाण कोण करतं, हा वाद आमच्या घरी कायमचाच.

घोडबंदर रोडला गॅलरीचा कठडा सकाळी पुसा, संध्याकाळी बोट फिरवलं की राखाडी रेघ उमटते. मेट्रोचं काम, नवे टॉवर, सिमेंट मिक्सरचे ट्रक. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या, पण तो नियम सायलेन्सरच्या धुराचा. झिजलेल्या टायर-ब्रेकची आणि रस्त्यावरून उडणारी धूळ त्यात मोजतच नाहीत. जाड कण म्हणजे पीएम १०, ते बहुतेक नाकाघशात अडकतात. त्याहून बारीक पीएम २.५ मात्र थेट फुफ्फुसात खोल. आपल्याकडे २४ तासांची मर्यादा घनमीटरला अनुक्रमे १०० आणि ६० मायक्रोग्रॅम आहे. हिवाळ्यात वारा पडला की धूळ खालीच घुटमळते.

तळोज्याला वास येतो, तोही बहुधा रात्री. (दिवसा का नाही, हे सांगायला नको.) पण खरा प्रश्न पाण्याचा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये कासाडी नदीकाठी निळी झालेली कुत्री आठवतात? रंगाच्या कारखान्याची करामत.

हवेपुरतं विचाराल तर माझं मत ठाण्याच्या धुळीविरुद्ध. पण जूनच्या पहिल्या दोन सरींत ती बसते. रसायनांतले जड धातू खाडीच्या गाळात वर्षानुवर्षं राहतात, तिथून माशात. बायको हल्ली मासेवालीला आधी विचारते, “खाडीचा की समुद्राचा?”