एकटीचा तंबू, एकाहत्तर रात्रींनंतर

या तंबूत मी आजवर ७१ रात्री झोपले आहे. आकडा नेमका सांगता येतो, कारण घरी परतले की तंबूच्या पिशवीच्या काठावर रात्रीमागे एक असा लाल दोऱ्याचा टाका घालते. पाच वर्षांपूर्वीचे पहिले टाके उन्हाने गुलाबी पडलेत. वजनमापं, खोड्या, दुरुस्त्या सगळं खाली लिहिलंय. पण घेताना मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते आधी सांगते. डोंगरात एकटं कसं राहायचं ते मला या तंबूने शिकवलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. या घडणीचे तंबू बऱ्याच कंपन्या करतात आणि मला बोलायचंय ते घडणीबद्दलच. एका माणसाचा, दोन पदरी. आतला पदर जाळीचा, त्याला खाली शिवलेला तळ. बाहेरचा पदर म्हणजे फ्लाय, सिलिकॉनचा लेप दिलेल्या २० डेनियर (डेनियर हे धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉनचा, इतका पातळ की आतून टॉर्च लावली तर बाहेर ठेवलेल्या बुटांवर उजेड पडतो. ॲल्युमिनियमचे दोन पोल, नऊ पेग म्हणजे जमिनीत ठोकायच्या खुंट्या. माझ्या काट्यावर सगळं मिळून १,३४० ग्रॅम भरलं. लेबलवर १,२५० होतं, ते पेग आणि पिशवी न धरता. घेणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवावा. तळ २१५ बाय ७५ सेंटीमीटर, मधली उंची ९८. माझी उंची पाच फूट तीन इंच, मला आत ताठ मांडी घालून बसता येतं. सहा फुटांच्या माणसाने मात्र आधी दुकानात आडवं होऊन बघावं. पाय कापडाला टेकले की स्लीपिंग बॅग सकाळी ओली झालीच समजा.

१,३४० ग्रॅम म्हणजे काय, ते मला एक जुना तपशील वाचल्यावर उमगलं. मॅटरहॉर्न शिखरावर १८६५ साली पहिल्यांदा चढलेल्या एडवर्ड व्हिम्परने आल्प्समधल्या मुक्कामांसाठी स्वतः एक तंबू आखला होता. त्या काळी तो उत्तम मानला गेला. चार माणसांचा, वजन दहा किलोच्या आसपास. असं ओझं असलं की वाहायला कुणीतरी सोबत हवं. सोबत आली की ठरलेली वेळ आली, बोलणं आलं, थांबायला कारण देणं आलं. माझ्या पाठीवर सगळं मिळून अकरा किलो असतात. वाटेत एखाद्या दगडावर तासभर बसावंसं वाटलं तर बसते. का बसलीस म्हणून विचारणारं कुणी नसतं.

मी तक्रारी ऐकण्याच्या फोनवर काम करते. आठ तास कानाला हेडफोन आणि पलीकडे रागावलेली माणसं. त्यांच्या रागाला बहुतेक वेळा कारण असतं, म्हणून ते मनापासून ऐकावं लागतं. संध्याकाळी घरी आले की घरच्यांचं बोलणं कानावर पडतं, आत शिरत नाही. त्यात आई गेली. शेवटचे अकरा दिवस मी तिच्या उशाशी बसून श्वास मोजत होते. त्याच वर्षी हा तंबू घेतला. कशासाठी, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. कुणाचाही आवाज नको होता, एवढं खरं.

आवाजाच्या बाबतीत हा तंबू काहीच अडवत नाही. माझ्या लेखी हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. भिंत असली की माणूस आत येतो आणि बाहेरचं विसरतो. इथे एक पातळ कापड आणि त्यामागे अख्खा डोंगर. बर्फाच्या पाण्यावर वाहणारा ओढा संध्याकाळी धो धो वाहत असतो. रात्री वर वितळणं थांबतं, पाणी उतरतं, आणि पहाटे चारच्या सुमारास फक्त दगडांमधून एक बारीक धार ऐकू येते. अंथरुणात पडल्या पडल्या किती वाजले याचा अदमास त्यावरून घेता येतो. कोरडा बर्फ फ्लायवर पडताना सुपातून बारीक दाणे घरंगळल्यासारखा वाजतो. मग आवाज एकदम बंद होतो. बर्फ थांबला असं वाटतं, पण बहुतेकदा तो कापडावर साचलेला असतो आणि त्याच्याखाली आपणच दबलेलो असतो. अशा वेळी आतून हाताने थोपटून तो खाली सरकवायचा. पहिल्या दोन-तीन मुक्कामांत हे सगळं ऐकून झोप लागायची नाही. चौथ्यापासून ऐकता ऐकता लागायला लागली. आणि परतल्यावर लक्षात आलं, फोनवर माझं ऐकणं बदललंय. समोरचा बोलायचा थांबला तरी मी गप्प राहू शकते.

आता ओलाव्याबद्दल. या घडणीच्या तंबूंविषयी सगळ्यात जास्त कुरकुर याचीच असते. माझी त्यावर एक अख्खी रात्र खर्च झाली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

४,२०० मीटरवर एका हिमतळ्याच्या वरच्या अंगाला मुक्काम होता. चढ घाईने केलेला नव्हता. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरहून जास्त उंचीवर न्यायची नाही, आणि तीन-चार दिवसांतून एकदा आहे तिथेच विसावा घ्यायचा, हा नियम मी कधी मोडत नाही. डोकं दुखत नव्हतं, मळमळ नव्हती. तरी रात्री दोनच्या सुमारास जीव घुसमटून जागी झाले. पाण्याखालून वर यावं तसा मोठा श्वास घेतला. मग आणखी चार-पाच भराभर, मग हळू, मग अगदी उथळ. मग काहीच नाही. आणि पुन्हा तो मोठा श्वास.

श्वासाचा तो घाट मी ओळखला. आईच्या उशाशी अकरा दिवस हाच मोजला होता. चेन आणि स्टोक्स या एकोणिसाव्या शतकातल्या दोन डॉक्टरांची नावं त्याला आहेत, हे मला तेव्हा नर्सने सांगितलं होतं. उंचीवर धडधाकट माणसालाही झोपेत असं होतं, हे वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के असतो. प्राणवायू कमी पडतो म्हणून शरीर जोरजोरात श्वास घेतं. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त उतरतो, आणि श्वास घे असं मेंदूला सांगणारा तोच असल्यामुळे श्वास थोडा वेळ थांबतो. मग प्राणवायू आणखी घसरतो, आणि मेंदू दचकून पुन्हा सुरुवात करतो. एवढंच असेल तर घाबरायचं कारण नसतं. सोबत डोकेदुखी, उलटी, चालताना तोल जाणं किंवा बसल्या जागी धाप असेल तर मात्र सकाळची वाट न बघता खाली उतरायचं.

मी उठून बसले. टॉर्च लावली. फ्लायच्या आतल्या बाजूला, डोक्यापासून पायांपर्यंत, पांढऱ्या बारीक सुया उगवल्या होत्या. रात्रभर सोडलेल्या श्वासातली वाफ जाळीतून पलीकडे जाऊन गार कापडावर गोठली होती. पायांकडे विरळ, तोंडाजवळ दाट. टॉर्च हलवली की सुया चमकायच्या. किती वेळ बघत होते, माहीत नाही. आईचे श्वास मी मोजले होते, पण ते कुठे गेले ते दिसलं नव्हतं. माझे समोर दिसत होते. मी देवाचं फारसं करणारी नाही. त्या रात्री मी हात जोडले. कुणाला, हे स्वतःला विचारलं नाही. आई गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर रडले, आणि श्वास थांबला की मनात न मोजता पुढच्याची वाट बघत पडून राहिले. तो येत गेला.

पहाटे तंबूची चेन उघडताना फ्लाय हलला आणि सगळ्या सुया जाळीतून माझ्या कपाळावर, गालांवर पडल्या. माझाच श्वास गार पाणी होऊन हनुवटीवरून ओघळला.

ज्यांना ओलावा नकोच असेल त्यांच्यासाठी सांगते. डोक्याकडची खिडकी कितीही थंडी असली तरी उघडी ठेवा, पायांकडचा फ्लाय जमिनीपासून चार बोटं वर ताणा. पाण्याच्या काठाला आणि खळग्यात तंबू लावू नका. निरभ्र रात्री जड गार हवा उतारावरून वाहत येऊन खळग्यातच साठते. दहा-वीस मीटर वर गेलात तरी फरक कळतो. आणि आत शेगडी पेटवायची नाही, ओलाव्याच्या आधी कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

तक्रारी दोन. नायलॉन भिजलं की सैलावतं, त्यामुळे पाऊस असेल तर झोपण्याआधी आणि मध्यरात्री एकदा, असे दोनदा तणावे ओढावे लागतात. दुसरी तक्रार पोलची. तिसऱ्या वर्षी वाऱ्यात एक पोल सांध्यापाशी फुटला. चूक माझीच. बोटं गारठलेली, घाईत एक तुकडा समोरच्या नळीत शेवटपर्यंत बसवला नव्हता. तसा अर्धवट बसलेला सांधा ताणाखाली चिरतो. सोबत दिलेली दुरुस्तीची नळी फुटल्या जागी सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली आणि पुढच्या तीन रात्री निभावल्या. ती नळी वजन वाचवायच्या नादात घरी ठेवू नका. नवा पोल मागवला तर कंपनीने दोन महिन्यांनी वेगळ्या जाडीचा पाठवला. परत पाठवला, तर उत्तरच आलं नाही. मी रोज जे काम करते तेच काम तिथे कुणाचं तरी असणार. त्या माणसाने निदान ‘तुमची तक्रार मिळाली’ एवढं म्हणायला हवं होतं. शेवटी वेगळ्याच ठिकाणाहून योग्य जाडीचा तुकडा मिळवून बसवला.

दुरून डोंगर साजरे म्हणतात. जवळ गेल्यावर तो टोचतो, गारठवतो, दम काढतो, आणि तरीही मला तो जवळूनच हवा असतो. म्हणून हाच तंबू पुन्हा घेईन का, याचं उत्तर हो. दोघांनी जाणाऱ्यांनी, उंच माणसांनी आणि बंद जागेशिवाय झोप न लागणाऱ्यांनी दुसरा बघावा. उघड्या कड्यावर वादळात राहायचं असेल तर हा पुरणार नाही, त्याला चार पोलांचा जड तंबू लागतो.

सध्या तळाच्या आतला लेप चिकट होऊ लागलाय, आंबूस वासही येतो. एकदा नऊ दिवस ओलाच बांधून ठेवला होता, त्याचं हे फळ. परवा कोमट पाण्याने हलक्या हाताने पुसला, सावलीत दोरीवर वाळवला, शिवणींवर नव्याने सिलिकॉन फिरवलं. तळाखाली आता एक वेगळं कापड घालणार आहे, म्हणजे आणखी दीडशे ग्रॅम. पुढच्या महिन्यात चार रात्रींसाठी निघतेय. लाल दोरा संपला होता, नवा आणून ठेवलाय.