बंद पडलेला रस्ता-डेपो: माहीतगार माणसाला सोबत घेऊन जा

गुण आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा गुण छपराच्या पत्र्यांमुळे कापला, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

कोल्हापूरहून कोकणात उतरणाऱ्या एका घाटाच्या अलीकडे बांधकाम खात्याचा हा जुना डेपो आहे. माझे वडील, आबा, आधी मैलकुली, म्हणजे रस्त्याची निगा राखणारे मजूर, आणि नंतर मुकादम म्हणून इथेच हजेरी लावायचे. पुढे रस्त्याची कामं कंत्राटदारांकडे गेली. हॉटमिक्स प्लांटवरून डांबर-खडी तयार होऊन डंपरनं यायला लागली आणि रस्त्याकडेला डांबराचा बॉयलर पेटवणारी गँग संपली. डेपोच्या गेटला कुलूप लागलं. गेल्या महिन्यात आबांना घेऊन मी आत जाऊन आले.

परवानगीसाठी कार्यालयात तीन खेपा झाल्या. साहेब दौऱ्यावर, मग शिक्का कपाटात, मग कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे. त्रास होतो, पण पत्र घेऊनच जा. कुंपणावरून उडी मारू नका. माल सरकारी आहे आणि आत पडलात तर हाक ऐकायला कुणी नाही. पत्र दाखवल्यावर वॉचमन मामांनी स्वतः काठी घेऊन गवत बडवत वाट करून दिली.

सगळ्यात आधी रोलरपाशी जा. तीन चाकांचा, आठ-दहा टनी, पिवळा. पुढच्या लोखंडी पाटीवर ‘जेसप’ आणि ‘कलकत्ता’ ही अक्षरं अजून बोटाला लागतात. इंजिनात घाणेरीचं झुडूप शिरलंय, पण ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा एका जागी आरशासारखा गुळगुळीत आहे, इतकी वर्षं तिथंच टाच टेकलेली. आबांनी चाकावर तळहात ठेवला आणि मला दबाई, म्हणजे रोलर फिरवून खडी बसवणं, शिकवायला लागले. “कडंकडनं मधी यायचं. मधनं सुरू केलंस की खडी बाहेर पळती. वळणावर मातर आतल्या, खालच्या कडंनं धरायचं.” आधी सुकी खडी, तिच्यावर रोलर, मग मुरूम, मग पाणी, परत रोलर. पायाखाली खडी हलायची थांबली की थर बसला. कुठल्याही पुस्तकापेक्षा हे मला तिथं नीट कळलं. म्हणूनच म्हणते, एकट्यानं जाऊ नका. या कामात हात काळे केलेलं कुणीतरी बरोबर न्या.

शेडच्या मागे डांबराची पिंपं आहेत. एक कधीतरी फुटलंय आणि त्यातून डांबराची जाड जीभ जमिनीवर आली आहे. बघायला दगड, पण उन्हात बोट दाबलं की ठसा उमटतो. त्यात एक घमेलं अर्धं बुडून तसंच राहिलंय, कडेला पारव्याची दोन पिसं चिकटलेली. आबा घरी आले की आई रॉकेलच्या बोळ्यानं त्यांचे हात पुसायची आणि वर खोबरेल लावायची. तो वास मला तिथं उभ्या-उभ्या आला.

अवजारांच्या खोलीत पाहारी, टिकाव, दांडे मोडलेली फावडी आणि लाकडी कॅम्बर पट्टी आहे. ही पट्टी जरूर बघा. रस्ता मध्ये किंचित उंच हवा, म्हणजे पाणी दोन्ही कडांना उतरतं. ती उंची बरोबर आहे का, हे या पट्टीनं पाहायचे. पाणी साचलं की खड्डा पडलाच, हे आबा आजही एसटीच्या खिडकीतून बघून सांगतात. ऑफिसची खोली सोडली तरी चालेल, वाळवीनं काही ठेवलेलं नाही.

कोपऱ्यात जुन्या मैलाच्या दगडांची रास आहे. किलोमीटर आल्यावर उपटून आणलेले. काहींवर मैलाचा आकडा वाचता येतो. शेजारी किलोमीटरचे नवे दगडही पडलेत, हिरव्या डोक्याचे राज्य मार्गाचे, एक-दोन पिवळ्या डोक्याचे राष्ट्रीय महामार्गाचे.

आता पत्र्यांचं. छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचं आहे, म्हणजे ॲस्बेस्टॉस. बरेच फुटलेत. त्यांची धूळ फुप्फुसाला फार वाईट, तेव्हा तुकडे उचलू नका, त्यांवर पाय देऊ नका. मी नेलेला साधा कापडी रुमाल या धुळीला उपयोगाचा नाही, हे घरी येऊन वाचल्यावर कळलं. गॅरेजमध्ये गाड्यांखाली उतरायचा सर्व्हिसिंगचा खड्डा आहे, त्यावर गवत वाढलंय, मामांनी दाखवला नसता तर मी त्यात गेले असते. जाड तळव्याचे बूट आणि चांगली बॅटरी लागतेच. लहान मुलांना नेऊ नका. पावसाळ्यात तर मुळीच नको, विंचू-सापांची भीती आहे. फेब्रुवारी-मार्चला सकाळी लवकर जा, दोन तास पुरतात.

निघताना गेटवर भंगाराच्या लिलावाची नोटीस दिसली. यादीत रोलर तिसरा आहे. खात्याच्या बऱ्याच कार्यालयांसमोर जुने रोलर रंगवून उभे केलेले असतात, तसाच हाही करावा असा अर्ज मी सोमवारी दिला. आबांनी त्यावर सही केली आणि सहीखाली लिहिलं, ‘निवृत्त मुकादम’.