गोगलगायींसाठी गुळाची गोणी, बिअरचा वाडगा, चुना, तांब्याची पट्टी की गोळ्या? नाशिकच्या परसबागेत काय घ्यावं

मखमलाबाद रोडला आमचं घर आहे, मागे जेमतेम गुंठाभर जागा, त्यात पालक, मेथी, कोथिंबीर, वांग्याचे दोन वाफे आणि कंपाउंडवर चढवलेली गिलकी-दोडकी. जूनचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की गल्लीतून कोणी ना कोणी विचारायला येतंच की गोगलगायींचं काय करायचं, कारण नर्सरीवाला एक सांगतो, कृषी सेवा केंद्रवाला दुसरंच, आणि मोबाइलवर अंड्याच्या टरफलांपासून बिअरपर्यंत सगळं फिरत असतं. सहा पावसाळे मी यातलं बहुतेक सगळं करून बघितलंय, तर प्रत्येकाचं काय वाटलं ते एकमेकांशेजारी ठेवून सांगते.

आधी खात्री करा की गोगलगायच आहे. अळीने पान खाल्लं असेल तर पानावर नाहीतर खाली लेंड्या दिसतात, गोगलगाय गेली असेल तर सकाळी वाळलेल्या चिकटाची चकचकीत रेघ दिसते, आणि कोवळी रोपं तर मातीलगत अशी साफ होतात की काल लावली होती का असा प्रश्न पडावा.

आणि कुठली गोगलगाय आहे तेही बघा, उपाय त्यावरच ठरतो. शंखाची मोठी असते ती आफ्रिकन, 1847 साली मॉरिशसहून कोलकात्याला आणली गेली आणि तिथून देशभर पसरली, 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबादकडचं कोवळं सोयाबीन हिनेच खाल्लं. दुसरी बिनशंखाची, स्लग म्हणतात ती, काळपट, चपटी, चामड्याच्या ओल्या तुकड्यासारखी, दिवसा कुंडीच्या बुडाशी चिकटून बसते. माझ्या वाफ्यात दोन्ही आहेत, गच्चीवरच्या कुंड्यांत मात्र बहुतेक स्लगच येते, नर्सरीच्या रोपाबरोबर किंवा शेणखताबरोबर.

आता गुळाची गोणी आणि बिअरचा वाडगा, कारण लोक सगळ्यात जास्त या दोनातच अडकतात. गोणीचं असं, जुनं तागाचं गोणपाट गुळाच्या पाण्यात चांगलं भिजवायचं, संध्याकाळी वाफ्यांच्या मधे पसरायचं, खाली कोबीची बाहेरची पानं किंवा पपईचा पाला टाकला तर अजून बरं, आणि सकाळी ऊन यायच्या आत उचलायचं. त्यांना खायला वास मिळतो आणि दिवस काढायला ओली अंधारी जागा मिळते म्हणून त्या तिथेच थांबतात. मागच्या वर्षी पहिल्या सकाळी सहाला मी एक गोणी उलटली तर खाली एकोणीस निघाल्या, तीन पेरूएवढ्या, बाकी बोराएवढ्या, आणि गोणपाटाच्या शिवणीत दोन स्लग अशा घट्ट बसलेल्या की चमच्याने खरवडून काढाव्या लागल्या. शेतकऱ्यांना कृषी विभागही हाच उपाय सांगतो आणि खर्च म्हणाल तर किराणा दुकानातली रिकामी गोणी आणि मूठभर काळा गूळ. तोटा एकच, सकाळी उचलायलाच लागते. एक दिवस विसरलात तर तुम्ही त्यांना राहायला घर करून दिलंत असं समजा.

बिअरचा वाडगा याच्या उलटा, तिथे सकाळी उठायची घाई नाही, त्या आत पडून बुडतात. त्यांना ओढतो तो आंबल्याचा वास, त्यामुळे बिअर आणायलाच पाहिजे असं नाही, कोमट पाण्यात गूळ आणि बेकरीचं यीस्ट घालून रात्रभर ठेवलं की तेच काम होतं, आमच्या घरात बिअर आणणं शक्यच नव्हतं म्हणून मी हेच केलं. वाडगा मातीत पुरताना काठ बोटभर वर ठेवा नाहीतर जमिनीवरचे काळे भुंगेरेही त्यात पडतात, आणि ते तर गोगलगायींची पिल्लं खातात. स्लगसाठी हा वाडगा मला खरंच आवडला, एका रात्रीत सात-आठ सापडायच्या. पण मोठी शंखी काठावरून मान घालून पिते आणि निघून जाते, मी टॉर्च मारून स्वतः बघितलंय. शिवाय आपल्याकडे जुलैत पाऊस लागला की दोन तासांत वाडग्यात नुसतं पाणी, वर छप्पर करा, दोन दिवसांनी बदला. म्हणून जमिनीच्या वाफ्याला गोणी आणि गच्चीवर, पावसाच्या आडोशाला, वाडगा, यात मला आता शंका राहिलेली नाही.

गोणी असो नसो, पहिल्या पावसानंतरचे दहा-बारा दिवस रात्री साडेआठ-नऊला टॉर्च घेऊन हाताने वेचा. हे कंटाळवाणं आहे पण याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडला नाही, कारण याच दिवसांत मोठ्या गोगलगायी अंडी घालायला लागतात, एका वेळी 100 च्या वर, साबुदाण्यासारखी पिवळट पांढरी, मातीत बोटभर खोल. एक मोठी जूनमध्ये उचलली तर ऑगस्टमधली शंभर पिल्लं कमी. हातात ग्लोव्हज घाला, लहान मुलांना वेचायला लावू नका, उंदरांकडून येणारी एक कृमी गोगलगायीच्या अंगात असू शकते आणि ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. त्याच कारणाने पालक-कोथिंबिरीचं पान न् पान धुवून घ्या. वेचलेल्या साबणाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकायच्या, मेल्या की खोल खड्डा करून वर चुना टाकून पुरायच्या. मीठ वाफ्यात टाकू नका, गोगलगाय मरते पण ते मीठ आपल्या काळ्या मातीत साठून राहतं आणि मग तिथे पालकसुद्धा नीट उगवत नाही.

आता अडवायचे उपाय: चुना, राख, अंड्याची टरफलं, तांब्याची पट्टी. कोरड्या चुन्याचा चार बोटं रुंद पट्टा कंपाउंडलगत टाकला तर तो ओलांडायला त्या टाळतात, राखेचंही तसंच, पण दोन्ही भिजले की संपलं आणि नेमक्या पावसाळ्यातच तर गोगलगायी असतात. जूनच्या सुरुवातीला उघडीप असते तेव्हा किंवा सप्टेंबरअखेर चुना चालतो, मधले दोन महिने पैसे घालवू नका. (आमच्या मागच्या भिंतीचा पांढरा रंग त्यांनी खालून हातभर नागमोडी खरवडून खाल्लाय, शंख बांधायला चुना लागतो म्हणून.) टरफलांचं म्हणाल तर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, महिनाभर टरफलं जमवून चुरा करून टाकायच्या आणि आम्ही दोघींनी त्याच्यावरून गोगलगाय आरामात जाताना बघितली. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018 मध्ये टरफलं, खडी, सालीचं आच्छादन, लोकरीच्या गोळ्या आणि तांब्याची पट्टी असं सगळं लेट्युसभोवती लावून बघितलं होतं, काहीच न लावलेल्या झाडांपेक्षा नुकसान कमी झालं नाही. तांब्याची पट्टी मी गच्चीवरच्या चार कुंड्यांना लावली, पहिला महिना बरी वाटली, मग पट्टी काळी पडली आणि काकडीचा एक वेल शेजारच्या कठड्याला टेकला, त्या पुलावरून सगळ्या आत. त्या पैशात दोन वर्षांचा गूळ येतो.

कॉफीचं पण विचारतात. हवाईमध्ये कॅफिनच्या 1 ते 2 टक्के द्रावणाने स्लग मेल्याचं 2002 मध्ये प्रसिद्ध झालं होतं, पण आपल्या कपातल्या कॉफीत त्यामानाने फारच कमी कॅफिन असतं, आणि चहाचा चोथा तर त्याहून कमी. चोथा खतात टाका.

गोळ्यांचं मात्र नीट वाचा. दुकानात गोगलगायीचं औषध मागितलं की बहुतेक वेळा मेटाल्डिहाइड हातात येतं. काम झटपट करतं, सकाळी मेलेल्या दिसतात म्हणून लोकांना आवडतं. पण त्या गोळ्यांत कोंडा-पीठ असतं आणि कुत्र्याला तो खाऊ वाटतो. आमच्या गल्लीतल्या एका लॅब्रॅडॉरने खाल्ल्या, तासाभरात लाळ, थरथर, मग झटके, रात्रभर डॉक्टरांकडे होता, वाचला. दुकानदाराने देताना एक शब्द सांगितला नव्हता. ब्रिटनने 2022 पासून हे उघड्यावर वापरायला बंदी केली, आणि मुलं, कुत्रं, मांजर, कोंबड्या यातलं काहीही घरात असेल तर मी तर म्हणेन आणूच नका. गोळ्याच हव्या असतील तर फेरिक फॉस्फेटच्या शोधा, पाकिटावर घटक वाचून घ्या. त्या खाल्ल्या की गोगलगाय खायचं थांबवते आणि तीन ते सहा दिवसांत कुठेतरी मातीत जाऊन मरते, प्रेतं दिसत नाहीत म्हणून गोळ्या चालल्या नाहीत असं वाटतं, पण पानं बघा, नवी भोकं पडायची थांबलेली असतात. सेंद्रिय शेतीतही चालतात. महाग पडतात, म्हणून फक्त कोवळ्या रोपांभोवती, वाफ्याला चिमूट-चिमूट विरळ.

बदकं पाळा असंही सांगतात. गंगापूर धरणाच्या बाजूला एका मळ्यात मी बघितलीत, स्लग आणि पिल्लं मजेत खातात, पण मेथीचा वाफाही तुडवतात आणि पेरूएवढा शंख त्यांना गिळवत नाही. घरच्या बागेला नको. भारद्वाज पक्षी येत असेल तर मात्र त्याच्यासाठी कोपऱ्यातलं झुडूप राहू द्या, तो शंखी फोडून खातो.

पाणी संध्याकाळी देत असाल तर सकाळी द्यायला लागा, रात्री वरची माती कोरडी राहिली की त्यांना चालायलाच जड जातं, याला एक पैसा लागत नाही. रोपांच्या बुडाशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन पावसाळ्यात नको, ते ऑक्टोबरनंतर करा.

तर इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडे गच्चीवर कुंड्या असतील तर नवीन रोप आणि शेणखत आधी चाळून बघा, आठवड्यातून एकदा कुंड्या उचलून बुडं बघा, आणि यीस्टचा वाडगा, बास. जमीन असेल तर गोणी आणि टॉर्च, आणि रोपं लावल्यापासून पहिले पंधरा दिवस हवं तर फेरिक फॉस्फेट. नोकरीमुळे सकाळ-संध्याकाळ वेळच नसेल तर गोणीच्या भानगडीत पडू नका, सरळ गोळ्या घ्या, पण त्याच.

आणि एक काम मार्च-एप्रिलमध्ये. उन्हाळ्यात मोठ्या शंखी तोंडावर पांढरा पापुद्रा बंद करून झोपलेल्या असतात, विटांच्या ढिगाखाली, पाण्याच्या टाकीमागे, फरशीच्या फटीत. यंदा गुढीपाडव्याच्या आधी आम्ही मागचा विटांचा ढीग हलवला तर एका कोपऱ्यात एकमेकींना चिकटून तेवीस होत्या, अर्ध्या तासात घमेल्यात आल्या.