सिंकथिंग: काही महिन्यांच्या नित्य वापरानंतर

डेस्कटॉपवर दिवसा केलेले बदल संध्याकाळी लॅपटॉप उघडताच तयार मिळावेत आणि मधल्या वाटेत ते कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरवर साठवले जाऊ नयेत, एवढीच माझी अपेक्षा होती. यंत्रायंत्रांतील फोल्डर परस्पर जुळवून ठेवणाऱ्या सिंकथिंग या साधनाने ती पूर्ण केली आहे आणि गेले कित्येक महिने माझे जवळपास सगळे काम त्याच्या भरवशावर चालले आहे. मी एकट्याने छोटी सॉफ्टवेअरे लिहितो. मराठी मजकूर तपासणे आणि शब्दसूची हाताळणे हे त्यांचे मुख्य काम. माझा डेस्कटॉप विंडोजवर चालतो, लॅपटॉप लिनक्सवर, आणि शब्दसूचींवर माझ्याबरोबर काम करणारा सहकारी मॅक वापरतो.

याकोब बोर्ग यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प मुक्तस्रोत असून गो या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला आहे. येथे खाते उघडावे लागत नाही. प्रत्येक यंत्राला ५६ अक्षरांची एक ओळख मिळते. ती दुसऱ्या यंत्रावर नोंदवायची आणि दोन्ही बाजूंनी मान्यता दिली की जोडणी होते. सगळा कारभार ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एका पानावरून चालतो. नवख्या माणसाला ते पान थोडे रूक्ष वाटेल. पण कोणती फाइल कुठे अडली आहे आणि जोडणी थेट आहे की रिलेमार्गे (म्हणजे माहिती नुसती पुढे पोहोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरमार्गे), हे तेथे स्पष्ट दिसते, आणि अशा साधनाकडून मला सर्वांत आधी हेच हवे असते. रिले सर्व्हर स्वयंसेवक चालवतात. त्यांच्यामार्फत जाणारी माहिती कूटबद्ध असल्यामुळे त्यांना ती वाचता येत नाही, मात्र वेग बराच उतरतो.

घरात दोन्ही यंत्रे एकाच राउटरवर असतील तर फाइली थेट एकीकडून दुसरीकडे जातात, त्यासाठी इंटरनेट लागतच नाही. ब्रॉडबँड बंद पडले तरी राउटर इन्व्हर्टरवर चालू असला की काम अडत नाही, ही सोय आपल्याकडे फार मोलाची आहे. मोठ्या फाइलीत थोडासा बदल केला तर ती सबंध न पाठवता तिचे बदललेले तुकडेच पाठवले जातात. तथापि पहिल्या वेळी सगळा फोल्डर वाचून प्रत्येक तुकड्याची मोजणी होत असल्याने जुन्या यंत्रावर तेवढा वेळ पंखा जोरात फिरतो.

मराठी फाइलनावांची मला विशेष काळजी होती, आणि ती विनाकारण नव्हती. ‘वऱ्हाडी शब्द’ अशा नावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये (संगणकावरील अक्षरांच्या प्रमाण संकेतांत) एकच चिन्ह म्हणून लिहिता येतो, तसाच तो ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशी दोन चिन्हे जोडूनही लिहिता येतो. मॅकच्या जुन्या फाइलव्यवस्थेत नावे अशा मोडलेल्या रूपात साठवली जात असत. सिंकथिंग देवाणघेवाणीत नेहमी जोडलेले रूप वापरते आणि मॅकवर आवश्यक ते रूपांतर स्वतः करते, त्यामुळे या दोन रूपांचा घोळ होत नाही. परंतु अनेक मराठी कळफलक हाच आकार ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्या मार्गाने उमटवतात, आणि युनिकोडच्या नियमांनुसार तो पहिल्या दोहोंशी समतुल्य मानला जात नाही. परिणामी डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या दोन वेगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदू शकतात. हा दोष सिंकथिंगचा नाही. एकत्र काम करणाऱ्यांनी कळफलक एकच ठरवून घ्यावा, हाच त्यावरचा उपाय आहे. लिनक्सवर नावात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गचिन्हासारखा कोलन चालतो, विंडोजवर चालत नाही. अशी फाइल अडकून राहते आणि तिची नोंद त्या पानावर दिसते.

कोड लिहिणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे की गिट या कोडच्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या साधनाचे भांडार सिंकथिंगच्या फोल्डरमध्ये ठेवू नये. गिटच्या अंतर्गत फाइली एका ठरलेल्या क्रमाने बदलतात आणि त्या अर्धवट अवस्थेत दुसऱ्या यंत्रावर पोहोचल्या तर भांडार बिघडू शकते. कोडसाठी गिट आणि टिपणे, चित्रे, चाचणीचा मजकूर यांसाठी सिंकथिंग अशी विभागणी मी केली आहे. नोड मॉड्यूल्ससारखे (जावास्क्रिप्ट प्रकल्पासाठी उतरवलेल्या तयार कोडचे) अवजड फोल्डर वगळण्यासाठी नियमांची एक फाइल लिहिता येते. पण ती फाइल स्वतः दुसऱ्या यंत्रावर जात नाही, म्हणून मी सामायिक नियम सगळीकडे पोहोचणाऱ्या एका साध्या फाइलीत ठेवले आहेत आणि प्रत्येक यंत्रावरील नियमांच्या फाइलीत तिचा समावेश केला आहे.

हे साधन म्हणजे बॅकअप नव्हे. एका यंत्रावर फाइल पुसली की ती सगळीकडून पुसली जाते. जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय आहे आणि तिच्यातला टप्प्याटप्प्याने विरळ होत जाणारा प्रकार मला सर्वांत उपयुक्त वाटतो, कारण त्यात पहिल्या दिवसाकरता तासातासाची आणि पुढे महिनाभर रोजची एकेक आवृत्ती राहते. मात्र ही सोय फक्त दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलांना लागू होते, तुम्ही स्वतः त्याच यंत्रावर केलेल्या बदलांना नाही, आणि ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दोन्हीकडे एकाच वेळी बदल झाले तर एक प्रत तारीख-वेळ जोडलेल्या वेगळ्या नावाने जपली जाते. त्या दोन प्रती शेजारी ठेवून जुळवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

फोनवर वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: मूळ अँड्रॉइड अ‍ॅपचे काम २०२४ च्या अखेरीस थांबले असून आता त्याच्यापासून फुटलेली स्वतंत्र आवृत्ती वापरावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या दुसऱ्या मुख्य आवृत्तीने आतला डेटाबेस बदलून एसक्यूलाइट स्वीकारला; जुन्या आवृत्तीवरून येणाऱ्यांनी पहिल्या सुरुवातीला बराच वेळ राखून ठेवावा.

खरी अडचण वेगळीच आहे. मध्ये फाइली साठवणारा सर्व्हर नसल्याने दोन्ही यंत्रे काही काळ तरी एकाच वेळी चालू असावी लागतात. डेस्कटॉप बंद करून बाहेर पडल्यावर लॅपटॉपला नवीन काही मिळणार नाही. ज्यांना हे जाचक वाटेल त्यांनी एखादे कमी वीज खाणारे छोटे यंत्र सतत चालू ठेवावे. ते दुसऱ्याच्या घरी किंवा भाड्याच्या सर्व्हरवर असले तरी हरकत नाही, कारण त्या यंत्राला फक्त कूटबद्ध प्रत मिळेल अशी व्यवस्था सिंकथिंगमध्येच आहे. ती प्रत उलगडणारा परवलीचा शब्द तेवढा आपल्या विश्वासू यंत्रांवरच राहिला पाहिजे.