घोडा 24,500 युरोंचा, आम्ही भरले 42,000

आधी आकडे सांगतो, कारण ओळखीतल्या निम्म्या लोकांचा समज आहे की घोडा आलाच नाही. घोडा आला. नेदरलँड्सहून विमानाने न्यू जर्सीला आला, इथेच आहे, भरपूर खातो आणि पुढच्या उजव्या पायाने लंगडतो. त्याचे आम्ही 42,000 युरो भरले. ज्या डच मुलीने तो विकला तिला 24,500 मिळाले. मधले 17,500 मुलीला घोडेस्वारी शिकवणाऱ्या आमच्या ट्रेनर मॅडम आणि त्यांचा तिकडचा माणूस यांनी खाल्ले. त्याशिवाय मॅडमनी 10 टक्के कमिशन उघडपणे घेतलं, तेही फुगवलेल्या किमतीवर, म्हणजे 4,200. खऱ्या किमतीवर ते 2,450 झालं असतं. एकूण चोरी 19,250 युरोंची. प्रवास, क्वारंटाइन, डॉक्टर, मॅडमचं विमानाचं तिकीट आणि हॉटेल हे सगळं वेगळं, ते धरतच नाही.

युरोपातून घोडा आणायची टूम आमची नव्हती. मुलगी सहा वर्षांची असल्यापासून त्या तबेल्यात जायची. 2024 च्या सुरुवातीला मॅडम म्हणाल्या, हिला आता स्वतःचा घोडा हवा, इथे असा जंपिंगचा वार्मब्लड (खेळासाठी पैदास केलेला युरोपियन जातीचा घोडा) घ्यायला गेलात तर लाखभर डॉलर मोजाल, हॉलंडमध्ये निम्म्यात मिळतो, आणण्याचा खर्च धरूनही. हे खोटं नाही बरं का. तिकडे किमती खरंच कमी असतात, म्हणून तर हा धंदा चालतो. त्या तबेल्यातल्या बऱ्याच जणांनी असेच घोडे आणले होते. त्यांच्यातल्या कोणी कधी हूं की चूं केलं नाही, आणि आता मला कळतंय की त्यांनाही आपण किती जास्त भरले हे ठाऊक नसेल.

मी मूळचा शहाद्याकडचा. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा लहानपणापासून पाहिलेला. जबडा उघडून दात बघायचे, भोवरे बघायचे, चालवून आणि पळवून बघायचं, एवढं आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. म्हणून 'तुला घोड्यातलं काय कळतं' हा टोमणा मला मारू नका. आमच्याकडच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव करतो, पण निदान घोडा आणि मालक दोघंही समोर उभे असतात. इथे मला मिळाले व्हिडिओ. देखणा, नऊ वर्षांचा, खच्ची केलेला घोडा, केडब्ल्यूपीएनचा (डच घोड्यांची वंशनोंद ठेवणारी संस्था) कागद, 15 आकडी चिप असलेला पासपोर्ट. सगळं अस्सल. फसवणूक घोड्याच्या कागदांत नव्हती, इनव्हॉइसात होती.

आता तो क्षण, ज्यापायी माझी अजून झोप उडते. इनव्हॉइस आलं तेव्हा त्यावर विकणारा म्हणून भलत्याच कंपनीचं नाव होतं, आणि आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, 'बीई'ने सुरू होत होता. आयबॅनची पहिली दोन अक्षरं देशाची असतात. घोडा नेदरलँड्सचा, म्हणजे 'एनएल' हवं. हा बेल्जियमचा खाते क्रमांक. मी दिवसभर आकडेच बघतो, ते माझं कामच आहे, त्यामुळे मला ते लगेच खटकलं. मी फोन करून विचारलं, मूळ मालकाशी दोन मिनिटं बोलता येईल का? मॅडम म्हणाल्या, "डच लोकांना ते आवडत नाही. आपण मागून घासाघीस करतोय असं त्यांना वाटतं. दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, घोडा हातचा जाईल." मुलगी बाजूला उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. ज्या बाईच्या भरवशावर मी पोरीला चार फूट उंच अडथळ्यावरून उडी मारू दिली, तिच्यावर खाते क्रमांकापायी संशय घ्यायचा? कोणत्याही बापाने त्या दिवशी पैसे पाठवले असते. 1.08 च्या दराने 45,360 डॉलर गेले.

कोणी 'मालकाशी बोलू नका' म्हणालं की व्यवहार तिथेच थांबवा. कारण ऐकूनसुद्धा घेऊ नका.

पुढे सरकारी बाजू इतकी चोख झाली की उलट माझी खात्रीच पटली. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्ग इथे क्वारंटाइन, ग्लँडर्स, डूरीन, पायरोप्लाझ्मोसिस आणि इक्वाइन इन्फेक्शस अनिमिया या घोड्यांच्या रोगांसाठी रक्ततपासणी. घोडी किंवा वळू घोडा असता तर सीईएमचं (समागमातून पसरणारा घोड्यांचा रोग) आणखी वेगळं क्वारंटाइन लागलं असतं, खर्च अजून वाढला असता. मॅडमनी हे असं सांगितलं, जणू आमचे पैसे वाचवताहेत. (एक गोष्ट मात्र त्यांनी बरोबर केली: विमानात चढवण्याआधीच रक्ताचा नमुना आयोवातल्या एम्सच्या सरकारी प्रयोगशाळेत पाठवला. इथे उतरल्यावर पायरोप्लाझ्मोसिस निघाला तर घोडा परत पाठवतात, तुमच्या खर्चाने. हे जरूर करा.) पण घोडा लंगडा आहे का आणि किंमत खरी आहे का, हे बघणं त्या तपासणीत येत नाही. ते खरेदीआधीच्या डॉक्टरने बघायचं. तो डॉक्टर त्यांच्याच माणसाने आणलेला, त्याचे 1,350 युरो मी दिले आणि अहवालावर गिऱ्हाईक म्हणून नाव मात्र त्या बेल्जियन कंपनीचं! डॉक्टर स्वतः शोधा, अहवाल आणि एक्स-रे थेट तुमच्या नावावर मागवा, आणि तपासणीच्या दिवशी रक्त काढून जपून ठेवायला सांगा. दुखणं दाबणारं औषध देऊन घोडा दाखवला असेल तर नंतर पुरावा फक्त त्या रक्तात मिळतो. आमच्याकडे ते रक्त नाही.

उन्हाळ्यात घोडा लंगडायला लागला. मॅडम म्हणाल्या, नालेचा प्रश्न आहे. नाल बदलली. मग म्हणाल्या, जमीन कडक आहे. शेवटी बायकोने पासपोर्टावरचं घोड्याचं नाव इन्स्टाग्रामवर टाकलं आणि दहा मिनिटांत त्याची जुनी मालकीण सापडली. ती डच मुलगी सरळ होती. तिने त्या पायाला दोनदा इंजेक्शन दिल्याचं लगेच सांगितलं, 'मी तुमच्या एजंटला कागद दिले होते' म्हणाली, आणि 24,500 ची पावती पाठवली. ती पावती बघून मी गाडीत जाऊन बसलो आणि एकटाच शिव्या देत राहिलो.

आणि आता ज्यांच्या पगारासाठी आपण कर भरतो त्यांच्याबद्दल. स्थानिक पोलीस म्हणाले हा दिवाणी मामला, आणि लिहून घेईनात. मी हट्टाला पेटलो तेव्हा त्यांनी एक क्रमांक लिहिलेलं कार्ड दिलं. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, तुमच्या पासवर्डने, मग फसवणूक कसली? ग्राहक खात्याने फॉर्म भरून घेतला, पुरावे जोडायला लावले आणि कळवलं की विकणारा परदेशी असल्याने प्रकरण त्यांच्या कक्षेत येत नाही. अहो, मॅडम परदेशी नाहीत, चार मैलांवर राहतात! तेही लिहिलं. उत्तर म्हणून तेच पत्र पुन्हा आलं, फक्त वरची तारीख बदललेली. सरकारी सायबर पोर्टलवर तक्रारीचा क्रमांक मिळाला, तो क्रमांक हीच त्यांची सगळी कारवाई. बेल्जियमच्या पोलिसांना ईमेल केला, ते म्हणाले तुमच्या पोलिसांमार्फत या. आमचे पोलीस म्हणाले ते आधीच सांगितलंय.

वकिलाची फी तासाला 450 डॉलर. तो म्हणाला, दलालाने गिऱ्हाइकापासून लपवून नफा खाणं बेकायदा आहे, तुमची बाजू भक्कम आहे, केंटकीत आणि फ्लोरिडात तर घोड्याच्या विक्रीत दोन्हीकडून पैसे घ्यायचे तर लेखी संमती लागते. मग म्हणाला, इथे लढायला तीस हजारांच्या पुढे खर्च येईल. हे सगळं वरातीमागून घोडं. लेखी करार आधी करा: ट्रेनरला कोणाकडून किती मिळणार ते त्यात लिहा, विक्रीपत्रावर मूळ मालकाची सही घ्या, पैसे थेट त्याच्याच खात्यात पाठवा. ट्रेनर रुसली तर रुसू द्या, तबेले पुष्कळ आहेत.

आपल्या इथल्या मराठी मंडळात काही जण अजून हळूच हसतात की देशस्थांनी घोड्याच्या भानगडीत पडू नये. हसा. पण तुमच्यापैकी दोघांच्या मुली त्याच तबेल्यात शिकतात, आणि मॅडम येत्या मार्चमध्ये पुन्हा हॉलंडला चालल्या आहेत, हे मला माहीत आहे. कोणाकडून तिकिटाचे पैसे घेतलेत ते आपसात विचारा.

आम्ही घोडा दुसऱ्या तबेल्यात हलवला. मॅडमनी शेवटच्या महिन्याचं ट्रेनिंगचं बिल पाठवलं आहे, 1,150 डॉलर, त्यावर उशिराचा दंड 75. भरणार नाही.